ब्लू टिक आणि आजी

शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर मी निदान चार वेळा निबंध लिहिला असेन. तुम्हीही लिहिला असेल. त्याचा साचा आपल्याला पाठच असतो. आधी विजेचा दिवा, रेल्वे, मोबाईल. मग अणुबॉम्ब, प्रदूषण आणि पुन्हा मोबाईल. आणि शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, ते कसं वापरायचं हे आपल्या हातात आहे’. या शेवटच्या वाक्याला आमच्या बाई हमखास लाल पेनानं बरोबरची खूण करायच्या.

ते वाक्य मला आता पूर्ण खरं वाटत नाही. यंत्र कसं वापरायचं हे आपण ठरवतो अशी आपली समजूत असते. पण पुष्कळदा ते आपल्या आधीच ठरून गेलेलं असतं. कुठल्यातरी जुन्या यंत्राची एक अडचण असते, तिच्यामुळे लोकांना एक सवय लागते, मग ते यंत्र भंगारात जातं आणि सवय मात्र मागे राहते. आपण तिला ‘माझी आवड’ म्हणतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक लहानसाच प्रकार घडला, त्यातून कळलं.

आमचं घर पेडण्याला. काकांचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी सकाळी घरी सोडतील असं डॉक्टर म्हणाले होते. मी, बाबा आणि काकी हॉस्पिटलात होतो. शुक्रवारी रात्री काकांना थोडा ताप आला. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, आज नको, सोमवारी बघू. मी लगेच घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला : काकांना आज सोडणार नाहीत, ताप आहे पण काळजीचं कारण नाही, सोमवारी बघू म्हणालेत. आई ड्यूटीवर, धाकटा भाऊ क्लासला, म्हणजे घरी आजी एकटीच. तिला वेगळा फोन करावा असं मनात आलं होतं. पण ग्रुपवर टाकलंय ना, म्हणून राहू दिला. थोड्या वेळानं मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ बघितलं, तर वाचलेल्यांच्या यादीत आजीचं नाव होतं. ब्लू टिक. मी निश्चिंत झाले.

दुपारी साडेतीनला आई घरी पोचली तेव्हा आजी पडवीत बसलेली होती, सकाळपासून. काकांसाठी केलेली पेज भांड्यात घट्ट होऊन बसलेली. आजी स्वतः जेवली नव्हती. सकाळी निघणारी माणसं तीन वाजेपर्यंत पोचत नाहीत म्हणजे वाटेत काहीतरी झालं असणार, या विचारानं तिनं देवापुढे दिवा लावून ठेवला होता. गाडी चालवताना फोन घेऊ नये असं आम्हीच तिला सांगितलेलं, म्हणून तिनं फोनही केला नव्हता. मोबाईल मांडीवर होता आणि त्यावर ग्रुप उघडा होता.

संध्याकाळी मी घरी आले. आजी रागावली नाही. तिनं फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “ह्या काय लिवलंस गो बाये? माका एक अक्षर कळूक नाय.”

मेसेज मराठीच होता, पण मी तो इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. नेहमीसारखाच.

आजी अशिक्षित नाही हे इथे सांगायला हवं. तिचं माहेर बांद्याचं. तिथल्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. रोजचा पेपर ती पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचते, श्रावणात शिवलीलामृत वाचते आणि मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या कादंबऱ्या माझ्या आधी संपवून ‘शेवट काय पटला नाही’ असं सांगते. आमच्या घरात सगळ्यात जास्त मराठी वाचणारी व्यक्ती तीच आहे. मी नुसतीच मराठी घेऊन बी.ए. करते. आणि त्या शनिवारी तिला निरक्षर केलं ते मी.

नंतर मी स्वतःलाच विचारलं, मी रोमनमध्ये का लिहिते? पहिलं उत्तर लगेच आलं : फास्ट होतं. म्हणून एक दिवस घड्याळ लावून बघितलं. एकच परिच्छेद आधी रोमनमध्ये आणि मग देवनागरीत टाईप केला. देवनागरीला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. म्हटलं, बघा, मी म्हणत होते ते खरंच आहे. पण हट्टानं तीन आठवडे फक्त देवनागरीत लिहिलं आणि पुन्हा वेळ लावला, तर फरक इतका कमी झाला होता की तो सांगण्यासारखा राहिला नाही. म्हणजे रोमन लिपी मुळात फास्ट नव्हती. माझ्या बोटांना तिची सवय होती, एवढंच.

मग ही सवय लागली कुठून? माझ्या हातात फोन आला तेव्हा त्यात देवनागरी कळफलक होता. इंग्रजी अक्षरांत ‘कसा’ लिहिलं की आपोआप देवनागरी शब्द पुढे करणारी सोयसुद्धा होती. तरी मी रोमनमध्ये लिहायला लागले, कारण माझे चुलत दादा-ताई तसंच लिहायचे. आणि ते तसं का लिहायचे, याला मात्र खरं कारण होतं. ते कारण पैशाचं होतं.

त्यांचे पहिले फोन बटणांचे. तेव्हा एसएमएसला पैसे पडायचे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची. तोच मेसेज देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर यायची, कारण त्या व्यवस्थेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागायची. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जायचं. ‘स्त्री’ हा शब्द आपल्याला दिसतो एका अक्षराचा, पण फोनच्या हिशेबी त्यात सहा चिन्हं : स, पायमोड, त, पायमोड, र आणि दीर्घ ई. सत्तरातली सहा एका स्त्रीनंच खाल्ली! थोडक्यात, इंग्रजी अक्षरांत एका मेसेजात मावणारा मजकूर मराठीत लिहायचा तर दोन किंवा तीन मेसेजचे पैसे. खिशात महिन्याचं पन्नास रुपयांचं रिचार्ज असलेल्या कॉलेजच्या मुलानं काय करावं? त्यानं रोमनमध्ये लिहिलं ते बरोबरच केलं. त्यातून समोरच्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटायची भीती होतीच.

हे सगळं आता संपलेलं आहे. व्हॉट्सॲपला अक्षरागणिक पैसे पडत नाहीत, चौकोनही दिसत नाहीत. ‘ॲ’ हे आपलं अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं, तेव्हापासून ‘ॲप’ लिहायचीही पंचाईत नाही. अडचण गेली. पण ती इतक्या झपाट्यानं गेली, आणि नवीन फोन इतक्या लागोपाठ आले, की ‘अरे, आता हे असं करायची गरज नाही’ असं म्हणायला मध्ये कुणी थांबलंच नाही. तंत्रज्ञानाच्या वेगाबद्दल आपण खूप बोलतो. मला त्यातला हा भाग सगळ्यात काळजीचा वाटतो. यंत्र पाच वर्षांत बदलतं, पण त्यानं लावलेलं वळण आमच्या पिढीपर्यंत येऊन पोचलं, आणि आमच्या पिढीनं तर ते बटणांचे फोन धड पाहिलेलेही नाहीत.

छापण्याच्या यंत्रापायी लिपी सोडावी लागल्याचं एक जुनं उदाहरण तर आपल्या गोव्यातलंच आहे, आणि आपल्यासारख्या कॉलेजात ते निदान माहीत असायला हवं. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. जेजुइटांचा तो छापखाना खरं तर इथिओपियाला जायचा होता. वाटेत गोव्यात थांबला आणि इथेच राहिला. पुढे १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट इथे आले. ते इथली भाषा शिकले, आणि नुसती कामापुरती शिकले नाहीत, तर सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिण्याइतकी शिकले. आपल्याला ते अभ्यासक्रमात असतं, त्यामुळे आपण त्यातल्या मराठीच्या गौरवाबद्दल पाच मार्कांचं उत्तर लिहितो आणि मोकळे होतो. पण ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, ही गोष्ट मला तरी परीक्षेपुरतीच ठाऊक होती.

त्यांनी रोमन लिपी आवडीनं निवडली नव्हती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात म्हटलं आहे की, मलबारात झाली तशी इथेही या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तकं छापली जावीत अशी त्यांची पुष्कळ दिवसांची इच्छा आहे. अडचण काय? तर युरोपात चोवीस अक्षरांचे खिळे पाडले की भागतं. इथे अक्षरं जोडून, काना-मात्रा लावून येतात, तेव्हा ६०० च्या घरात साचे करावे लागतील. त्याला परवानगी हवी होती. ते साचे झाले नाहीत, आणि पुराण रोमनमध्ये छापलं गेलं. १६१६ ची ती छापील प्रत आज उपलब्ध नाही. शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती काढली ती १९५६ मध्ये, म्हणजे ३४० वर्षांनी.

आमच्या कॉलेजातल्या एका फादरांना मी हे सांगत होते. ते हसून म्हणाले, “म्हणजे स्टीफन्सना जो कळफलक मिळाला नाही, तो तुमच्या खिशात आहे.” मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्यांनी एका लिपीसाठी रोमपर्यंत पत्र लिहिलं. आम्हाला सेटिंगमध्ये जाऊन दोन बटणं दाबायची आहेत.

छपाईनं एक लिपी दिली तशी एक नेलीही, हे इथेच सांगून टाकते. विल्यम केरी यांनी सेरामपूरला १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरी खिळ्यांनी, आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला तो मोडीत. म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पुढे पुस्तकांनी देवनागरी धरली. मोडी हाताच्या लिखाणात दीडेकशे वर्षं टिकली आणि मग शाळेतूनही गेली. आमच्या घरात जमिनीचा एक मोडी कागद आहे. तो पणजोबांच्याही आधीचा आहे असं म्हणतात. म्हणतात, कारण घरात कुणालाच तो वाचता येत नाही. एकदा बाबांनी माहितगाराकडे नेऊन वाचून घेतला, त्याचे पैसे मोजले. आपल्याच वाडवडलांचं लिखाण पैसे देऊन वाचून घ्यायचं! आजीला माझा मेसेज आईकडून वाचून घ्यावा लागला, तो प्रकार यापेक्षा फार वेगळा नाही. फरक एवढाच की मोडी जायला दीडशे वर्षं लागली, आणि आम्ही आजीची वाट पंधरा वर्षांत बंद केली.

आता एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. मी रोमन लिपीच्या विरुद्ध नाही. गोव्यात राहून तसं म्हणणं अडाणीपणाचंच होईल. माझी वर्गातली मैत्रीण सासष्टीची आहे. तिच्या घरी प्रार्थनेची पुस्तकं रोमी कोंकणीत आहेत, तिची आजी रोमीतली कोंकणी घडाघडा वाचते आणि तियात्राची गाणी तिला त्याच लिपीतून पाठ आहेत. रोमी ही पिढ्यान्‌पिढ्या घडलेली लिखाणाची रीत आहे. ‘श’साठी एक्स लिहायचा, ‘ट’, ‘ड’, ‘ण’साठी अक्षर दोनदा लिहायचं, असे तिचे नियम आहेत. मी आमच्या घरच्या ग्रुपवरचे मेसेज त्या मैत्रिणीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, “ही रोमी न्हय गो, हो घोटाळो.”

खरंच घोटाळा आहे. आमच्या फोनवरच्या रोमनला कसलाही नियम नाही. के, ए, एल अशी तीन अक्षरं लिहिली की ती काल असतात, काळ असतात, कळ असतात आणि कलही असतात. मन, मान आणि मण एकाच वेशात हिंडतात. आपण मागचापुढचा संदर्भ बघून ओळखतो, आणि ते जमतं कारण आपल्याला इंग्रजी येतं आणि मेसेज बहुतेक ‘कुठे आहेस’, ‘जेवलीस का’ एवढेच असतात. जरा कठीण काही लिहायची वेळ आली की आपण इंग्रजीत उडी मारतो. हे मी स्वतःवरून सांगते. गेल्या वर्षी एका मैत्रिणीचे वडील गेले. तिला काय लिहावं या विचारात मी पाऊण तास घालवला. मनातली मराठी वाक्यं रोमनमध्ये उतरवली तर ती वाचायलाच विचित्र दिसायला लागली. ‘सांत्वन’ तर ओळखूच येईना. शेवटी मी सगळेजण पाठवतात ती तीन इंग्रजी अक्षरं पाठवली. ज्या लिपीत मोठं दुःख लिहिता येत नाही, मोठा राग किंवा मोठा विचार लिहिता येत नाही, त्या लिपीत भाषा हळूहळू ‘जेवलीस का’पुरती उरते. मराठीचा अभ्यास करणाऱ्या मुलीलाही हे होतं, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

यावर मला हमखास मिळालेलं उत्तर म्हणजे, “मग व्हॉइस नोट पाठव ना, आजी ऐकेल.” पाठवते. आजीला ती आवडतेही, नातीचा आवाज ऐकू येतो. पण डॉक्टरनं सांगितलेला गोळ्यांचा क्रम व्हॉइस नोटमधून पुन्हा शोधायचा तर ती पाच वेळा ऐकावी लागते. लिहिलेलं डोळ्यांसमोर राहतं, ही साधी गोष्ट आपण विसरायला लागलो आहोत.

दुसरं उत्तर, व्हॉइस टायपिंग. बोललं की फोन लिहितो. हे मी आजीला शिकवलं आणि पहिले दोन दिवस घरात करमणूक झाली. ती म्हणाली, “बाये, दुपारी जेवाक येतंस काय?” फोननं लिहिलं, ‘बाय दुपारी जेवा केतन काय’. केतन नावाचं आमच्या ओळखीत कुणी नाही. मग आजीनं तिच्या पद्धतीनं उपाय शोधला. ती फोनशी पुस्तकी मराठीत बोलायला लागली, हळू, एकेक शब्द सुटा करून, मामलेदारापुढे बोलावं तशी. ‘बाळ, दुपारी जेवायला येणार आहेस का?’ फोननं बिनचूक लिहिलं. मेसेज वाचून मला क्षणभर कळेना की हा कुणी पाठवला. बाळ? आजीनं मला जन्मात बाळ म्हटलेलं नाही.

तेव्हा देवनागरी आली की सगळं झालं, असंही नाही. लिपी वाचली तरी त्या लिपीत कुणाची बोली उमटणार, हेसुद्धा यंत्र ठरवू बघतं. ज्या बोलीचं बोलणं त्याला पुरेसं ऐकायला मिळालं ती त्याला कळते. पेडण्याच्या आणि बांद्याच्या म्हाताऱ्या बायांचं बोलणं त्याच्या कानावर कमी पडलं असणार. अजून कुणी तिला ‘अशी बोल’ म्हणून सांगितलेलं नाही, फक्त तशी बोलली की मेसेज नीट जातो आणि स्वतःसारखी बोलली की केतन येतो. माणूस लवकर शिकतो. म्हणून आजी आता बोलून न लिहिता टाईप करते, एका बोटानं. त्याबद्दल शेवटी सांगते.

त्याआधी आपल्या मंडळाबद्दल, कारण मुख्यतः त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

या अंकासाठी ‘जुन्या पानांतून’ हे सदर करायचं ठरलं. आपल्या अंकाच्या जुन्या फाईली एका सीडीवर होत्या. कॉलेजच्या लॅबमध्ये सीडी चालवणारा एकच कॉम्प्युटर शिल्लक आहे. तो चालू झाला, फाईल उघडली, आणि समोर काय? टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण. पान पान तसंच. फाईल बिघडलेली नव्हती. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक डीटीपीवाल्याचा फॉन्ट वेगळा असायचा. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर ही टोप्यांची जत्रा. त्या वेळच्या संपादकांनी सगळं व्यवस्थित जपून ठेवलं होतं, तरी आम्हाला एक ओळ वाचता आली नाही. आजीला माझा मेसेज दिसला असेल तो असाच.

अंक वाचले ते लायब्ररीतल्या छापील प्रतींमुळे. चॅपेलच्या बाजूच्या त्या खोलीत दर पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तरी ग्रंथपाल बाईंनी ते अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, कडुलिंबाची पानं घालून ठेवले आहेत. आम्ही तिघींनी बसून त्यातले सहा लेख पुन्हा टाईप केले. नव्या यंत्राचं मी कौतुकच करते, कारण आज आपण जे युनिकोडमध्ये लिहितो ते उद्या फोन बदलला तरी वाचता येईल, शोधता येईल. पण ते देवनागरीत लिहिलं तर. मंडळाच्या ग्रुपवर गेल्या चार वर्षांत झालेल्या चर्चा, कवितांवरचे वाद, कार्यक्रमांची आखणी, हे सगळं उद्या कुणी ‘कविता’ हा शब्द टाकून शोधायला गेलं, तर एकही ओळ सापडणार नाही. आपल्या ग्रुपवर ६३ सदस्य आहेत आणि जवळजवळ सगळेच रोमनमध्ये लिहितात. ग्रुपचं नावसुद्धा! त्यातल्या ‘वाङ्मय’ शब्दाचं रोमन स्पेलिंग कसं करावं यावर आपल्याकडे तीन पक्ष आहेत आणि तिन्ही पक्षांचं वाचताना चुकतंच. देवनागरीत त्याला एकच उत्तर आहे, आणि ते आपल्या बॅनरवर छापलेलं आहे.

म्हणून पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे : मंडळाच्या ग्रुपचं नाव, सूचना आणि साहित्यावरची चर्चा देवनागरीत व्हावी. गप्पा, टिंगल, ‘लायब्ररीत आहे, ये’ हे ज्यानं त्यानं हवं तसं लिहावं. घरच्या आणि मैत्रीच्या बोलण्यावर नियम लावणारी मंडळी मला स्वतःलाच आवडत नाहीत. आणि ‘मोबाईलमुळे मराठी मेली’ असं वक्तृत्वस्पर्धेत ओरडून बक्षीस घेणाऱ्यांत मला बसवू नका. मोबाईलमुळेच माझी आजी आज कुडाळच्या बहिणीशी रोज बोलते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमातून आलेले सदस्य आहेत, ते देवनागरी हळू वाचतात. त्यांना बाजूला टाकायचं का? मी पहिल्या वर्षाच्या एका मडगावच्या मुलीला सरळ विचारलं. ती म्हणाली, “हळू वाचते, पण वाचते. तेवढंही करायचं नसतं तर मी या मंडळात कशाला आले असते?” तिला सुरुवातीचे दोन महिने कुणीतरी बरोबर बसून कळफलकाची सवय करून दिली पाहिजे. ते काम मी घ्यायला तयार आहे. आणखी दोघं-तिघं पुढे आले तर शुक्रवारी मधल्या सुट्टीत बसता येईल.

काका आता बरे आहेत. घरच्या ग्रुपवर मी देवनागरीत लिहिते. सुरुवातीला ‘आज मराठीचा पेपर आहे का?’ म्हणून भावंडांनी भरपूर चिडवलं. त्यातले दोघं आता देवनागरीत लिहायला लागले आहेत, बाकीचे नाहीत. आजी मात्र ग्रुपवर बोलायला लागली आहे. पूर्वी ती फक्त सकाळी फुलांचं चित्र पाठवायची. परवा काकांच्या वाढदिवसाला मी लिहिलं, ‘आजीचे आशिर्वाद आहेतच’. दहा मिनिटं वर ‘टायपिंग’ दिसत होतं. मग मेसेज आला : ‘आशीर्वाद. शी दीर्घ.’